देखाव्याच्या नोंदी: मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, पृथ्वीगोलावर दिव्यांची पट्टी

२९ जून २०२५, रविवार

सोसायटीच्या गणपतीची पहिली मीटिंग झाली आणि देखावा माझ्या गळ्यात पडला. विषय निघाला तो असा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची मुलगी सॅन होजेला असते, काकू सप्टेंबरच्या शेवटी जाणार आहेत, पहिल्यांदाच एकट्या, तर त्यांनी विचारलं की विमान नक्की जातं कुठून. मुलांच्या लायब्ररीत जगाचा मोठा नकाशा आहे त्यावर सगळ्यांनी एकच बोट फिरवलं, मुंबईतून डावीकडे, अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक, अमेरिका. मी पण तेच केलं. मग काकू म्हणाल्या, "अहो पण जावई म्हणतो बर्फावरून जातं". तिथून सुरुवात.

ठरलं असं की एक मोठा पृथ्वीगोल करायचा, त्यावर रस्ता दिव्यांनी दाखवायचा, दिवा पळत पळत मुंबईतून निघून सॅन फ्रान्सिस्कोला पोचणार. बजेट ३,००० रुपये. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमधल्या सात घरांची पोरं त्या बाजूला आहेत त्यामुळे वर्गणीची चिंता नाही असं अध्यक्ष म्हणाले. मी हे लिहून ठेवतोय कारण पुढच्या वर्षी कोणाला असलं काही करायचं असेल तर त्याचे निदान माझे वाया गेलेले दिवस तरी वाचतील.

३० जून

नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजलं. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, डावीकडून, नकाशाच्या खालच्या स्केलने. बावीस हजार किलोमीटरच्या आसपास आलं. वहीत लिहून झोपलो.

१ जुलै

सकाळी दाढी करताना लक्षात आलं की पृथ्वीचा घेरच ४०,००० किमी. म्हणजे कुठलीही दोन ठिकाणं घ्या, ती एकमेकांपासून फार तर अर्धा घेर लांब असणार, २०,०१५ किमी, त्याच्यापुढे गेलात तर तुम्ही उलट्या बाजूने जवळ येताय. माझे बावीस हजार म्हणजे पृथ्वीवर मावतच नाहीत. असल्या सपाट नकाशावरचं स्केल बहुधा विषुववृत्तापाशीच खरं असतं, वर गेलं की नकाशा ताणलेला असतो. नववीच्या भूगोलात हे होतं, मार्कांपुरतं पाठ केलेलं.

४ जुलै

संध्याकाळी कॉम्प्युटरवर हिशोबाची शीट उघडून बसलो. दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतले. मुंबई १९.०८८७ उत्तर, ७२.८६७९ पूर्व. सॅन फ्रान्सिस्को ३७.६१८९ उत्तर, १२२.३७५ पश्चिम. गोलावरच्या अंतराचं सूत्र टाकलं, दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार अधिक कोसाइनचा गुणाकार गुणिले रेखांशांच्या फरकाची कोसाइन, सगळ्याची उलटी कोसाइन, आणि गुणिले पृथ्वीची त्रिज्या, ६,३७१ किमी.

पहिलं उत्तर भलतंच आलं कारण शीटला कोन रेडियनमधे लागतात आणि मी अंशात दिले होते. ते सुधारलं तर ५,१९४ किमी आलं. हे बरं वाटलं, विश्वास पण बसला, पोरीला दाखवलं पण. ती आठवीत आहे. म्हणाली बाबा एवढ्यात अमेरिका येते तर आत्या सतरा तास विमानात काय करत होती.

पश्चिमेच्या रेखांशाला वजा चिन्ह लावलंच नव्हतं. १२२.३७५ पूर्व म्हणजे कुठे ते बघितलं, चीनच्या शांडोंगचं जे टोक समुद्रात घुसलंय तिथे किनाऱ्याबाहेर पाण्यात. काकूंना आम्ही पिवळ्या समुद्रात उतरवलं होतं. वजा लावल्यावर १३,५११ किमी. हे उत्तर पक्कं. ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर थोडं इकडेतिकडे येईल कारण पृथ्वी पुरती गोल नाही, ध्रुवांपाशी चपटी आहे, पण तो फरक अर्ध्या टक्क्याच्या आतला, आपल्या कामाला काही नाही.

६ जुलै, आषाढी एकादशी

साबुदाणा खाऊन कामाला लागलो. ६५ सेंटीमीटरचा जिम बॉल आणला, ५५० रुपये. थर्माकोल २०१८ पासून राज्यात बंद आहे त्यामुळे कागदाचा लगदा आणि पट्ट्या हाच मार्ग. मैद्याची खळ, त्यात फेविकॉल. जुनी वर्तमानपत्रं प्रत्येक मजल्यावरून गोळा झाली. पोरांनी तीन थर एका दिवसात दिले. हीच चूक, पण ती नंतर कळली.

११ जुलै

वाळतच नाही. बाहेर धो धो पाऊस, आत मीटर रूममधे ओल, टेबल फॅन चोवीस तास चालू. आज वास यायला लागला आणि आफ्रिकेच्या जागेवर काळी बुरशी दिसली. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकतात ते आईला माहीत होतं, मला नाही. मोरचूद विष आहे, पोरांच्या हाती देऊ नका, ती खळ मीच ग्लोव्हज घालून लावली.

एका दिवसात एकच थर द्या. तीन थर ओले असताना बाहेरचा आधी वाळतो आणि आतलं पाणी अडकून बसतं.

१३ जुलै, रविवार

मोठा धक्का. गोल वाळला असं धरून त्यावर मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्कोचे ठिपके काढले आणि शिंप्याच्या टेपने मोजलं, तर हिशोबात आणि गोलावर तीन सेंटीमीटरचा फरक. तीन सेंटीमीटर म्हणजे जवळजवळ सहाशे किमी. मी दोन तास शीटमधे चूक शोधत बसलो. शीट बरोबर होतं. चूक गोलात होती. मधे आडवा घेर २०३, उभा १९६. बॉलमधली हवा रोज थोडी थोडी कमी होत होती आणि ओल्या कागदाचं वजन वरून, त्यामुळे आमची पृथ्वी बसत बसत भोपळ्यासारखी झाली होती. खरी पृथ्वी पण ध्रुवांपाशी चपटी असते असं मी बायकोला सांगून बघितलं. ती एवढी चपटी नसते.

टाकून दिला. आठ दिवस आणि साडेपाचशे रुपये गेले.

१४ ते २६ जुलै

दुसरा बॉल, जरा जाड रबराचा, ७०० रुपये. या वेळी रोज रात्री पंपाने हवा बघायची आणि टेपने दोन्ही घेर मोजायचे, मग एक थर. सहा थर झाले. शेवटी आडवा २०७, उभा २०७. बॉल आत तसाच ठेवला, काढायच्या भानगडीत पडलो नाही.

एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे १९३ किमी. हे गणित दारावर लिहून चिकटवलं.

२७ जुलै, रविवार

रेघा आणि खंडं. दर पंधरा अंशाला एक उभी रेघ, विषुववृत्तावर ८.६ सेंटीमीटरवर एक, आडव्या पण तेवढ्याच अंतरावर. प्रत्येक चौकोनात काय आहे ते बघून पोरांनी पेन्सिलने उतरवलं. भारत सगळ्यांनी मोठा काढला, तीनदा पुसला. अलास्का कोणालाच जमला नाही, शेवटी एका बारा वर्षांच्या मुलीने काढला. नंतर कळलं की आमच्या रस्त्यावर अलास्का महत्त्वाचा आहे, तेव्हा ते बरंच झालं. रंग ६८० रुपये, ॲक्रिलिक. निळा दोनदा आणावा लागला, समुद्र किती आहे याचा अंदाज गोल रंगवल्याशिवाय येत नाही.

२ ऑगस्ट

दिव्यांची पट्टी आली. पाच व्होल्टची, प्रत्येक दिवा वेगळा पेटवता येतो ती, मीटरला ६० दिवे, पाच मीटरचं रीळ ९५० रुपये. म्हणजे दोन दिव्यांत १.६७ सेंटीमीटर, आमच्या गोलावर एक दिवा सुमारे ३२२ किमीचा. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को ४२ दिवे.

आता या दिवसाची गोष्ट नीट सांगतो कारण सगळ्या कामात मला हीच आवडली. अजून रस्ता काढला नव्हता. मुलांपैकी दोघांचा आग्रह की पट्टी नकाशासारखी न्यायची, मुंबईतून पूर्वेला, जपानवरून आडवी, पॅसिफिक ओलांडून. तशी चिकटवायला लागलो तर पट्टीच्या एका कडेला सुरकुत्या पडायला लागल्या, दुसरी कड उचलली जायला लागली. ही पट्टी वरखाली वाकते पण बाजूला वळत नाही. साडीची निरी जबरदस्तीने आडवी ओढल्यावर जशी फुगते तसं. दाबून धरलं तर एक तांब्याचा जोड तुटला.

मग वैतागून पट्टीचं एक टोक मुंबईवर टाचलं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर धरलं आणि नुसतं ताणलं. पट्टी आपणहून सरकत वर गेली, सायबेरियावरून, आर्क्टिकला घासून, अलास्कावरून खाली उतरून सपाट बसली. एक सुरकुती नाही. मोजली तर सत्तर सेंटीमीटर, गुणिले १९३, साडेतेरा हजार. शीटमधलं उत्तर. मी ते साइन-कोसाइन दोन दिवस घासत होतो ते त्या नऊशे रुपयांच्या पट्टीला येत होतं. गोलावर बाजूला न वळता जो रस्ता जातो तोच सगळ्यात जवळचा, हे पोरांना सांगायलाच लागलं नाही, त्यांनी हाताने दाबून बघितलेलं होतं.

काकूंना बोलावून दाखवलं. जावई बरोबर होता.

३ ऑगस्ट

रस्त्यावर काय काय येतं ते शीटमधून काढून छोट्या चिठ्ठ्या लावल्या. विमान मुंबईतून जवळपास उत्तरेलाच तोंड करतं, उत्तरेपासून फक्त १४ अंश पूर्वेला कललेलं. राजस्थान, दिल्लीच्या पश्चिमेकडून, पंजाब, हिमाचल, लडाख. पहिले सहा दिवे यातच जातात. मग तक्लामकान, कझाकस्तानची कड, सायबेरिया. एकविसावा दिवा म्हणजे बरोबर अर्धा रस्ता, तो पडतो लेना नदी आर्क्टिकला मिळते तिच्या मुखापासून थोडा पश्चिमेला. चोवीस-पंचविसाव्या दिव्याला सगळ्यात वर, ७६.६ अंश उत्तर, न्यू सायबेरियन बेटांच्या जवळ. नंतर अलास्काचा उत्तर किनारा, युकॉन, व्हँकुव्हर बेट आणि खाली.

पोरीने विचारलं की खरंच कोणी ध्रुवावरून जातं का. जानेवारी २०२१ मधे एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्को ते बंगळुरू पहिलं विमान उत्तर ध्रुवाच्या भागावरून आणलं होतं, कॉकपिटमधे सगळ्या बायका, कॅप्टन झोया अगरवाल. तो टप्पा सरळ मोजला तर १४,००० किमीला जेमतेम कमी. त्या विमानाची चिठ्ठी पोरीने स्वतः लिहून लावली, विषयाला सोडून आहे पण राहू दे म्हटलं.

९ ऑगस्ट, राखी पौर्णिमा

बहीण, म्हणजे पोरीची आत्या, आली होती. ती हा प्रवास तीनदा करून आलीये. गोल बघून म्हणाली छान आहे पण आमचं विमान असं कधीच गेलं नाही. समोरच्या सीटच्या स्क्रीनवर ती बघत बसते म्हणे, लडाखवरून कधीच नेत नाहीत. शिवाय मागच्या खेपेला येताना विमान मधे कोलकात्याला उतरलं होतं.

चिडलो थोडा. राखीच्या दिवशी. पण तिचं खरं होतं.

कारण असं. विमानात हवेचा दाब गेला तर पायलटला लगेच दहा हजार फुटांच्या आसपास खाली यावं लागतं, वरून पडणाऱ्या मास्कमधला ऑक्सिजन दहा-पंधरा मिनिटांचाच असतो. तिबेटचं पठारच सरासरी साडेचार हजार मीटर, म्हणजे साधारण पंधरा हजार फूट, त्यावर डोंगर वेगळे. खाली यायला जागाच नाही. म्हणून विमानं हिमालय-काराकोरमच्या या अंगाने नाहीतर त्या अंगाने वळसा घालतात. पश्चिमेचा वळसा पाकिस्तानवरून, आणि २४ एप्रिलपासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलंय, दर महिन्याला मुदत वाढतेय. आमची ४२ दिव्यांची सरळ पट्टी पाकिस्तानला शिवत पण नाही, तरी त्या बंदीचा फटका बसतो तो असा. राहिला पूर्वेचा रस्ता, बंगाल, चीन किंवा जपानच्या बाजूने पॅसिफिक.

मग दुसरी पट्टी लावायची ठरली. १८ दिवस राहिलेत.

१० ऑगस्ट

खरा रस्ता रोज बदलतो त्यामुळे मी एक ढोबळ धरला. मुंबई–कोलकाता १,६६६, कोलकाता–टोकियो ५,१८४, टोकियो–सॅन फ्रान्सिस्को ८,२२७. बेरीज १५,०७७ किमी, ४७ दिवे. म्हणजे सरळ रस्त्यापेक्षा १,५६६ किमी जास्त. जगातली सगळ्यात लांबची नेहमीची फ्लाइट, सिंगापूर–न्यूयॉर्क, साधारण १५,३५० आहे, आपण तिच्या शेजारी जाऊन बसलो.

प्रत्येक तुकडा वेगळा सरळ, त्यामुळे पट्टी कोलकात्याला आणि टोकियोला कापून, कोनात वळवून वायरने जोडली. कापायच्या जागा तांब्याच्या खुणांवर असतात, तिथेच कापा, मी एक मधेच कापली आणि दोन दिवे मेले.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन, जिलबी, मग सोल्डरिंग. टोकियोच्या पुढचा तुकडा पेटेना. दीड तास गेला. पट्टीवर बारीक बाण असतो, सिग्नल त्याच दिशेने जातो, मी तुकडा उलटा लावला होता. उलटा काढून परत लावला तर सगळी पट्टी वेड्यासारखी लुकलुकायला लागली, ते दिवे चालवणाऱ्या बोर्डचा आणि ॲडॅप्टरचा ग्राउंड (वजा बाजूची वायर) एकत्र न जोडल्यामुळे. दोन्ही चुका इतक्या जुन्या आणि प्रसिद्ध आहेत की लिहायला लाज वाटते.

१७ ऑगस्ट, रविवार

प्रोग्राम. सुरुवातीला एक पट्टी संपली की दुसरी सुरू होत होती कारण मी मधे थांबण्यासाठी डिले वापरला होता, तो चालू असताना बोर्ड दुसरं काही करतच नाही. दोन्ही एकदम पळवायच्या तर घड्याळ बघत बघत, मिलिसने (बोर्डचं आतलं मिलिसेकंदांचं घड्याळ), प्रत्येक पट्टीची पुढची वेळ आली का ते तपासायचं. पोरांना मी समजावलं की कुकरच्या शिट्ट्या मोजत उभं राहणं आणि पोळ्या लाटता लाटता शिट्टीकडे कान ठेवणं, यातला फरक.

आता वेळेचा हिशोब. विमान हवेत साधारण ९०० किमी ताशी धरलं. सरळ रस्ता १३,५११ भागिले ९०० म्हणजे १५ तास. लांबचा रस्ता १५,०७७ भागिले ९०० म्हणजे पावणेसतरा. सरळ रस्त्याचे १५ तास आम्ही ६० सेकंदांत दाखवतोय, म्हणजे एक तास चार सेकंदांचा. लावून बघितलं, सरळ रस्त्याचा हिरवा दिवा आधी पोचतो, लांबच्या रस्त्याचा पिवळा सात सेकंद मागून. टाळ्या झाल्या.

१८ ऑगस्ट

तुफान पाऊस, ऑफिस नाही, बहिणीला फोन लावून आकडे विचारले. तिने एक गोष्ट सांगितली ती मी शोधून पडताळली. ऑक्टोबर २०१६ मधे एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. १५,३०० किमी, साडेचौदा तास. आधीचा अटलांटिकचा रस्ता हजार-दीड हजार किमी कमी होता आणि तरी दोनेक तास जास्त लागायचे.

वारा. वर दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारं वाहत असतं, जेट स्ट्रीम, हिवाळ्यात आणखी जोरात. विमानाचे ९०० हे हवेतले, ती हवाच पुढे सरकत असेल तर जमिनीवरून बघताना जास्त. पूर्वेला जाताना तो पाठीवर. उत्तरेच्या रस्त्यावर त्याचा ना फार फायदा ना तोटा.

मी पिवळ्या पट्टीला सरासरी १०० चा वारा पाठीशी धरला, हा माझा अंदाज आहे, रोजचा वेगळा असतो. १५,०७७ भागिले १,०००, पंधरा तास पाच मिनिटं. हिरव्याचे पंधरा तास. पाच मिनिटांचा फरक म्हणजे आमच्या साठ सेकंदांत सेकंदाचा तिसरा हिस्सा, दिसतच नाही. दोन्ही दिवे एकदम पोचतात. प्रोग्राममधे हिरव्याचा दिवा दर १.४३ सेकंदाला पुढे, पिवळ्याचा दर १.२८ ला.

कमिटीतले एक जण म्हणाले आधीची शर्यत चांगली होती, आता मजा गेली. मी म्हटलं खरं हेच आहे. ते म्हणाले देखाव्यात खरं कशाला हवं. यावर बराच वेळ गेला. शेवटी एक बटण बसवलं, दाबलं की वारा बंद, पिवळा मागे पडतो, सोडलं की वारा चालू. बटण चाळीस रुपयांचं, सोल्डरिंगच्या खर्चात धरलंय. वाद मिटला. खरं तर त्या बटणानेच देखावा उभा केला, ते पुढे कळेल.

२४ ऑगस्ट, रविवार

दोन घड्याळं लावली, मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को, २२० रुपयांची एक. माझ्या डायरीत साडेतेरा तासांचा फरक लिहिलेला होता, तसं लावलं. काकू खालून जाताना म्हणाल्या, आत्ता इथे साडेसहा आणि तुमचं घड्याळ तिथे पाच दाखवतंय, माझी मुलगी तिथे सहाला उठते तेव्हा इथे साडेसहा असतात. म्हणजे साडेबारा तास. डायरीतली नोंद जानेवारीतली होती. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे, उन्हाळ्यात साडेबारा, हिवाळ्यात साडेतेरा. तिकीट नोव्हेंबरमधलं असेल तर हे बघून घ्या, एअरपोर्टवर घ्यायला येणारा माणूस तासभर चुकतो.

खाली एक पाटी लावली: मुंबईतून दुपारी ४ ला निघालात आणि सतरा तास लागले तर तिथे पोचता त्याच दिवशी रात्री ८:३० ला. सतरा यासाठी की पंधरा तास हे नुसतं उडण्याचं गणित, विमानाचं जमिनीवर चालणं, चढणं-उतरणं, वळसे धरले की तेवढे होतात, आत्याचा अनुभव पण तोच. पाटी वाचून एक छोटा म्हणाला साडेचारच तास लागतात की. त्याला समजावताना मीच दोनदा चुकलो.

२७ ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी

बाप्पा आले. आरती झाली, दिवे पेटले, दोन्ही चालले. रात्री साडेदहाला बघतो तर सॅन फ्रान्सिस्कोचं घड्याळ मुंबईएवढंच. सेल गेला असेल म्हणून परत लावलं.

२८ ऑगस्ट

परत तेच. परत लावलं.

२९ ऑगस्ट

आज पाळत ठेवली. आमचे वॉचमनकाका. साडेबारा तासांचा फरक काट्यांच्या घड्याळात दिसतो फक्त अर्ध्या तासाचा. मुंबईत सहा, तिथे साडेपाच. त्यांना वाटायचं एक घड्याळ अर्धा तास मागे पडतंय, रोज संध्याकाळी स्टुलावर चढून नीट करून ठेवायचे, कोणाला न सांगता. मी खुलासा केला. ते म्हणाले, "साहेब, मग खाली लिहा ना पहाट म्हणून". एवढं साधं. 'आत्ता तिथे' असं लिहून फिरवायची चकती लावली, एका बाजूला पहाट-सकाळ, दुसऱ्या बाजूला संध्याकाळ-रात्र. फिरवायचं काम काकांकडेच दिलं.

३१ ऑगस्ट, गौरी आल्या

गर्दी. बटणापाशी रांग. पोरं वारा बंद करून पिवळ्याला हरवतात आणि मग चालू करून जिंकवतात, मोठी माणसं पण. एक आजोबा विचारत होते की मग येताना काय. येताना तोच वारा तोंडावर, म्हणून येतानाचा रस्ता वेगळा धरतात आणि वेळ जास्त लागतो, पण त्याची पट्टी आमच्याकडे नाही. रिळात २०० च्या वर दिवे शिल्लक आहेत, वेळ नव्हता.

टोकियोचा जोड दुपारी सुटला, गर्दीत कोणाचा तरी कोपर लागला. गरम गोंदाने पक्का केला. पहिल्याच दिवशी करायला हवा होता.

३ सप्टेंबर

काल विसर्जन झालं. आज आवराआवर. हिशोब: दोन बॉल १,२५०, फेविकॉल-मैदा २६०, मोरचूद ४०, रंग ६८०, पट्टी ९५०, बोर्ड ४२०, ॲडॅप्टर ३८०, वायर-सोल्डर-बटण १५०, घड्याळं ४४०. एकूण ४,५७०. म्हणजे १,५७० वर गेले, त्यातले ५५० भोपळ्याचे. कमिटीने एक हजार मंजूर केले, बाकीचे माझे.

पृथ्वीगोल जवळच्या शाळेने मागितलाय. स्टँडसकट लिफ्टमधे जात नाही, जिन्याने शनिवारी उतरवू. काकूंनी जायच्या आधी रस्त्यावरच्या सगळ्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून घेतले, दोन्ही पट्ट्यांच्या, कारण नक्की कुठल्या रस्त्याने नेतील ते त्या दिवशीच कळणार. शाळेच्या शिपायाला सॅन फ्रान्सिस्कोच्या घड्याळाबद्दल आधीच सांगून ठेवलंय.